खडपीवरची मोजणी

कृष्णकांत : अजून एकदा लाव, बाय. तो मोठा गोबरा मासा दगडाखालून येतो ना, तिथपासून.

कीर्ती : काका, चौथ्यांदा बघताय तुम्ही.

कृष्णकांत : बघू दे ग. चार वर्षं राखन केली त्याची. तोंड तरी बघू दे.

(तारापूरजवळच्या किनाऱ्यावरचं मांगेल्यांचं एक गाव, दुपारचे साडेतीन. कृष्णकांतच्या ओट्यावर कीर्तीचा लॅपटॉप, आणि पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून त्याच्यावर आडवं धरलेलं सूप. कीर्ती केळव्याच्या वाडीवाल्यांची मुलगी. पाण्याखाली जाऊन मासे मोजणं हे तिचं काम, आणि ते घरी समजावून सांगताना ती दरवेळी थकते. गावानं चार वर्षांपूर्वी नारळावर हात ठेवून ‘पांढरी खडप’ नावाचा समुद्रातला खडक मासेमारीला बंद केला. आज पाच वाजता गावकीपुढे तिनं आकडा वाचायचा. मासा वाढला असेल तर खडप बंद राहील, घटला असेल तर उद्यापासून जाळी पडतील. कृष्णकांत त्या खडपीचा राखणदार. त्यानंच कीर्तीला होडीतून नेलं, भरती-ओहोटी शिकवली, उलटी झाली तेव्हा पाठ चोळली. सख्ख्या काकांपेक्षा हा काका तिला जवळचा आहे.)

कीर्ती : हे बघा, अठरावं मिनिट. कॅमेरा दगडाला बांधलेला, आसपास कोणी माणूस नाही. मोजा.

कृष्णकांत : तांब सात, आठ. ह्यो करकऱ्यांचा थवा. मागं गोबरे, एक, दोन, तिकडं तिसरा. आनि आला आमचा शेठ. पोट बघ त्याचं, दुकानावर बसल्यासारखं.

कीर्ती : एवढ्या एका तुकड्यात मी सत्तर मोजलेत. आता कान द्या.

कृष्णकांत : गुडगुड.

कीर्ती : ती मी. खडपीच्या त्या टोकाला पाण्यात उडी मारली. कॅमेऱ्यापासून पन्नास-साठ मीटर लांब. भांगाचं, म्हणजे कमी ओढीचं पाणी, म्हणून त्यातल्या त्यात निवळ, तरी चार हातांपलीकडचं मला दिसत नव्हतं. त्यांना मी दिसणं शक्यच नाही. पण बघा.

कृष्णकांत : वळले. सगळे एकदम वळले. शेठ बी गेला कपारीत.

कीर्ती : आता नऊ मिनिटं नुसता दगड. आणि ही मी आले.

कृष्णकांत : पाठीवर टाकी, तोंडात बोंडी, हातात पाटी. काय लिहितेस ग एवढं? दगडं मोजतेस?

कीर्ती : हसू नका. मला रडायला येतंय.

कृष्णकांत : रडायचं काय? मी परवाच तुला बोललो, टाकी ठेव वर, मग बघ मासा. बोललो का नाय?

कीर्ती : बोललात. मला वाटलं, काकांचं मन मानत नाहीये. वहीत मी लिहिलंसुद्धा, ‘राखणदाराचा अंदाज, पडताळणी नाही’. चुकलंच माझं. पण तुम्ही इतके अडून बसलात म्हणून तर काल सकाळी कॅमेरा खाली ठेवला.

कृष्णकांत : मग झालं तर. पाच वाजता सत्तर वाच. खडप उघडा म्हननारा विनोद गप, त्याचे चमचे गप. खडप बंद ती बंद.

कीर्ती : असं नाही वाचता येत.

कृष्णकांत : का नाय? डोळ्यांनी बघितलं ना आपन दोघांनी?

कीर्ती : काका, पहिल्या वर्षी मी टाकी लावून मोजले तेव्हा अठ्ठावन्न होते. दोन वर्षांनी तसेच मोजले, एकशे चार. गाव नाचलं होतं, आठवतंय? आणि परवा तसेच मोजले, तेवीस. तीच मोजफीत, खडपीवर आखलेल्या त्याच पाच रेघा, तीच मी. आता मी उठून म्हटलं की या वेळी टाकीचं सोडा, कॅमेऱ्याचं धरा, तर विनोददादा पहिलं काय विचारतील?

कृष्णकांत : विचारेल, आकडा पटला नाय म्हनून काटा बदलला काय.

कीर्ती : आणि ते चुकीचं नसेल. बाजारात कोणी अर्धं वजन एका काट्यावर आणि अर्धं दुसऱ्यावर केलं तर काकी त्याला उभं करतील का?

कृष्णकांत : लाडकी? टोपली डोक्यावर घालेल त्याच्या.

कीर्ती : तेच. फुगे न सोडणारं यंत्र असतं, श्वास आतल्या आत फिरवतं. आमच्याकडे एकच होतं, ते बंद पडलंय. आणि ते असतं तरी प्रश्न हाच राहिला असता. आज हे मासे फुग्यांना घाबरतात, मग दोन वर्षांपूर्वी का नाही घाबरले? तेव्हाही मी अशीच गुडगुड करत गेले होते. करकरे माझ्या चष्म्यापर्यंत येऊन बघून जायचे.

कृष्णकांत : मासा हाय तो. त्याचं काय सांगायचं? आज एक, उद्या दुसरं.

कीर्ती : मलाही तसंच वाटलं. म्हणून काल दुपारी मी बाहेरच्या खडपीवर गेले. कारखान्याची चिमणी आणि देवळाचा कळस एका ओळीत धरून तुम्हीच दाखवली होती ती.

कृष्णकांत : कोनाबरोबर गेलीस?

कीर्ती : दर्पणच्या होडीतून. तिथे बंदी नाही, वर्षभर जाळी पडतात. मासा कमी आहे, पण जो आहे तो पळत नाही. टाकी लावून गेले, कॅमेरा ठेवला, दोन्हीकडे एकच आकडा. म्हणजे माझ्या टाकीचा दोष नाही. फुग्यांना घाबरतो तो फक्त आपल्या खडपीवरचा मासा. आणि तोही गेल्या दोन वर्षांतच घाबरायला शिकला.

कृष्णकांत : शिकला म्हनजे? शाळा हाय काय खाली?

कीर्ती : शाळाच म्हणा. फुगे आले की पाठोपाठ काहीतरी वाईट होतं, हे त्यांना कोणीतरी शिकवलंय. कोणीतरी हवा लावून खाली जातंय, काका. सळईनं मारतंय. एकदा नाही, पुष्कळदा. तुम्ही राखणदार आहात म्हणून तुम्हाला आधी विचारते. बाहेरचं कोणी येतं का?

कृष्णकांत : येत असतील. मी काय चोवीस तास बसतो तिथं? येत असतील बाहेरचे.

कीर्ती : तुम्ही पाहिलंय?

कृष्णकांत : एकदा लांबून एक होडी दिसली. फायबरची. ओळखली नाय.

कीर्ती : मग हेच गावकीत सांगूया. बाहेरचे चोरून मारतात, म्हणून मासा बिथरलाय, म्हणून टाकीवरची मोजणी फसली. तुम्ही होडी पाहिलीत असं उठून सांगा. तेवढ्यानं आकड्याला आधार मिळेल.

कृष्णकांत : मी सांगू?

कीर्ती : तुमच्याशिवाय कोण? तुमचा शब्द कोणी मोडत नाही.

कृष्णकांत : ते सोड. तू एक काम कर. अजून दीड तास हाय, पानी बी उभं हाय, ओढ नाय. परत चल. टाकी लाव, पन खाली गेलीस की पोहायचं नाय. दगडाला पाठ लावून बसायचं आनि दम धरायचा. फुगा गेला की ते पळतात, ते जाऊ दे. तू साठ-सत्तर आकडे मोज. पहिले बारके येतात. मग करकरे, तिरके तिरके. गोबरा सगळ्यांच्या शेवटी, तो आधी नुसतं डोकं काढतो. मधी एक जरी फुगा सुटला तरी परत पहिल्यापासून.

कीर्ती : टाकी लावून दम धरायचा नाही, काका. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच शिकवतात आम्हाला. जरा वर आलं तरी फुफ्फुस फाटतं.

कृष्णकांत : वर यायचंच नाय ना. दगड धरून बसायचं.

कीर्ती : तुम्हाला हे कसं माहीत?

कृष्णकांत : काय कसं? जन्म गेला पान्यात.

कीर्ती : तुमचा जन्म दम धरून गेला. तुम्ही छातीत हवा भरून जाता, तीच घेऊन वर येता. तुमचा फुगा खाली सुटतच नाही. मग फुगा सुटल्यावर कोण आधी येतं नि कोण शेवटी, हे तुम्ही कुठे बसून पाहिलंत?

कृष्णकांत : ऐकलं असंल कोनाकडून.

कीर्ती : आणि साठ-सत्तर आकडे. दोन पावसाळ्यांपूर्वी तुमच्या फुफ्फुसात पाणी झालं. बोईसरच्या डॉक्टरांकडे मी होते तुमच्यासोबत. तेव्हापासून जेटीच्या पायऱ्या चढताना तुम्ही दोनदा थांबता. तुमच्याच्यानं वीस आकडे तरी दम धरवतो का आता?

कृष्णकांत : हळू बोल. लाडकी आत हाय.

कीर्ती : काका.

कृष्णकांत : ते सूप बाजूला ठेव. हात दुखला असंल तुझा.

कीर्ती : काका, तुम्ही?

कृष्णकांत : आळीतल्या मितेशनं आनला. बोईसरला पंक्चरवाल्याकडं पडलेला, हवा भरायचा कॉम्प्रेसर. पोराचा काय दोष नाय त्यात. मीच मागितला. होडीचा तळ घासायला पाहिजे बोललो. त्याला लांब नळी लावली आनि बोंडी बसवली.

कीर्ती : पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर! त्यातनं तेलाची वाफ येते, काका. ती तुम्ही छातीत ओढत होतात? त्या छातीत? हा खोकला जात का नाही म्हणून काकी मला फोन करतात, आणि मी तुम्हाला आल्याचा काढा सांगते!

कृष्णकांत : ओरड. ओरडायलाच पाहिजे तू.

कीर्ती : का केलंत पण?

कृष्णकांत : तुला नाय कळायचं.

कीर्ती : न कळायला मी काय परकी आहे?

कृष्णकांत : डहाणूपासून वैतरणेच्या खाडीपर्यंत कोनाचं जाळं खडकात अडकलं, कोनाच्या बोटीच्या पंख्यात दोर गेला, की सांगावा यायचा, कृष्णकांतला बोलवा. बापाचं नाव न सांगता मानसं ओळखायची मला. आजारी पडलो आनि फोन बंद. कोनी वाईट वागलं नाय, बरं का. उलटं जास्तीच चांगलं वागायला लागले. पायरी चढताना हात द्यायचे. विनोदनं खुर्ची दिली मला बैठकीत. खुर्ची! सगळे चटईवर आनि मी खुर्चीवर.

कीर्ती : मग?

कृष्णकांत : मग नळी आली. खडपीवर गेलो कारन तिथं कोन येत नाय. मीच राखनदार, मला कोन विचारनार? पहिल्या दिवशी नुसता बसलो खाली. आठ महिन्यांनी. हसायला आलं, आनि नळी तोंडात असताना हसता येत नाय ग, खारं पानी गेलं घशात. तीन-चार दिवस असाच जाऊन बसायचो. मासे येऊन बघायचे मला. घाबरत नव्हते तवा.

कीर्ती : सळई कधी नेलीत?

कृष्णकांत : होडीत असतेच. एक दिवस एक गोबरा आला, ह्या इथं, हातभर अंतरावर. माझ्या हातानं ऐकलं नाय. वर आनला. आळीत लोक विचारायला लागले, दम धरून मारला? मी बोललो, हां. सगळ्यांचे चेहरे बघायला पाहिजे होतेस तू. झुंबर म्हातारा बोलला, कृष्णकांत अजून कृष्णकांत हाय. दुसऱ्या दिवशी दोन फोन आले.

कीर्ती : खडपीवरचा आहे हे कोणी ओळखलं नाही?

कृष्णकांत : बाहेरच्या खडपीचा बोललो. राखनदार खोटं बोलेल असं कोनाच्या मनात येनार?

कीर्ती : आणि मग पुढचे?

कृष्णकांत : चेहरे परत बघायचे होते ना. आता मारनं झालं कमी. पुढं पुढं ते पळायलाच लागले. मी जातो तिथं सगळी पळापळ. मग मी सळई होडीतच ठेवायला लागलो, नुसता दम धरून बसायचो, जमेल तेवढा, आठ-आठ दहा-दहा आकडे करून. परत येतात काय बघायला. येतात, पन लांबूनच. शेठ तर डोकं काढतो आनि परत आत. चार वर्षं त्याला जपला मी, बाय. आनि तो मला भितो.

कीर्ती : रडू नका. काका, असं नका ना करू.

कृष्णकांत : सतरा मारले. मोजलेत मी.

कीर्ती : सतरा मेले म्हणून खडप रिकामी होत नाही. पोरं वाढलीत त्यांची, कॅमेऱ्यात दिसतायत. बंदीनं काम केलंय, काका, भरपूर केलंय. फक्त ते मला माझ्या काट्यावर दाखवता येत नाहीये.

कृष्णकांत : बाहेरची होडी सांगू मग? फायबरची?

कीर्ती : होती का ती?

कृष्णकांत : नाय.

कीर्ती : मग मी ते ऐकलंच नाही. आणि तुमचं नावही मी घेणार नाही. माझ्या तोंडून नाही निघायचं ते. मी तेवीस वाचेन, सत्तरही वाचेन, आणि म्हणेन फरक का आहे ते सांगता येत नाही.

कृष्णकांत : आनि विनोद बोलेल, सांगता येत नाय तर बसा खाली. उद्या पहाटे बारा होड्या जातील खडपीवर. आठ दिवसांत तिथं बारका बी उरनार नाय.

कीर्ती : हो.

कृष्णकांत : मग असं कसं वाचशील?

कीर्ती : दुसरं काय करू? तुम्हाला उभं करू गावापुढे? नारळावर पहिला हात तुमचा होता. नियम मला माहीत आहे. ज्यानं मोडला त्याची होडी वर्षभर सगळ्यांच्या मागून सुटायची. शेवटची. रोज सकाळी अख्खी आळी बघणार. मी ते तुमच्यावर आणणार नाही, काका. खडप गेली तर गेली.

कृष्णकांत : खडप गेली तर गेली? हे तू बोलतेस?

लाडकी : चहा घ्या आधी. गार होतो. कीर्ती, तू साखर कमी घेतेस ना, हा तुझा.

कीर्ती : काकी, तुम्ही कधी आलात?

लाडकी : दार उघडंच हाय. भिंत हाय ती कुडाची, बँकेची नाय. किती बोलले ते?

कीर्ती : काय किती?

लाडकी : गोबरे किती मारले बोलले?

कृष्णकांत : सतरा.

लाडकी : एकोनीस.

कृष्णकांत : लाडके...

लाडकी : कापनारीला विचारा. गौरीच्या आधी एक आनलात नि दत्तजयंतीला एक, ते विसरलात. एकोनीस गोबरे ह्या हातांनी कापले. तुमी बोललात, दम धरून बाहेरच्या खडपीवर मारला. जेटीवरून घरी येताना तीनदा बसनारा मानूस बाहेरच्या खडपीवर दम धरतो? लग्नाला छत्तीस वर्षं झाली आपल्या.

कीर्ती : तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?

लाडकी : पहिल्या माशापासून. त्या दिवशी धुवायला घातलेल्या लुंगीला रॉकेलसारखा वास. पंक्चरवाल्याच्या दुकानात येतो तसा. पान्यात जाऊन आलेल्या मानसाच्या कपड्याला तो कुठून आला?

कृष्णकांत : मग बोलली का नाय कवा?

लाडकी : आजारातून उठल्यावर सहा महिने तुमी भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी वाढलेलं ताट तसंच परत यायचं. त्या दिवशी गोबरा घेऊन आलात नि दारातनंच हाक मारली मला. नावानं. काय बोलायला पाहिजे होतं मी?

कृष्णकांत : आळीत वाटे दिले तू. हसून दिले.

लाडकी : दिले. सळईच्या भोकाचा तुकडा तेवढा कोनाच्या वाट्यात जाऊ दिला नाय. दम धरून मारलेल्याला समोरून भोक असतं, तुमचं सगळं खालून नि मागून, तळाला दबा धरून मारल्यासारखं. झुंबर म्हाताऱ्यानं बघितलं असतं तर तिथंच ओळखलं असतं. दरवेळी तो तुकडा मी माझ्या ताटात घेतला.

कीर्ती : काकी...

लाडकी : तू गप, तुझं पन चुकतं. खडप गेली तर गेली म्हने. तुझ्या काकाची लाज राखायला गावाची खडप देतेस? कोनी सांगितलं तुला द्यायला?

कीर्ती : मला त्यांना असं खाली मान घातलेलं नाही बघवत.

लाडकी : मला बघवतं? पन तो मासा त्यांना भितो बोलले ना आता, ते ऐकलं मी. त्या दुखन्याला तुझा आकडा काय करनार? नि डॉक्टरकडं पन जायचं उद्या त्या तेलाच्या हवेचं. तू येतेस बरोबर. तिथं खोटं बोलायचं नाय.

कृष्णकांत : किती वाजले?

कीर्ती : साडेचार.

कृष्णकांत : कीर्ती, तो तुझा सिनेमा घे बरोबर. मासे वळतात तिथपासून दाखव. सत्तर कसे नि तेवीस कसे, ते तू सांग. मधलं मी सांगतो.

कीर्ती : नक्की, काका? एकदा बोललात की परत घेता येणार नाही.

कृष्णकांत : मला खुर्ची देतील परत बसायला. आज उभंच राहतो. सदरा कुठं हाय माझा, तो पांढरा?

लाडकी : दोरीवर. थांबा, मी बी येते.

कृष्णकांत : तू कशाला? मारले मी.

लाडकी : नि खाल्ले मी. चला.